पत्ता जातो कुठे?

तृतीय वर्ष कला (मानसशास्त्र)

जादूच्या प्रयोगांचे प्रकार मोजायला बसले, तर ते दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील. नसलेली वस्तू आणणे, असलेली नाहीशी करणे, एकीची दुसरी करणे, इकडची तिकडे नेणे, तोडलेली जोडणे, अधांतरी उचलणे आणि मनातले ओळखणे. जगभरचे जादूगार याच चारदोन गोष्टींची उलटापालट करीत आले आहेत. त्यांतही 'नाहीशी करणे' हा प्रकार सर्वांत घरगुती. हट्टाला पेटलेल्या बाळाच्या हातातली कात्री काढून घेऊन आजी ती पाठीमागे लपवते आणि "भुर्र गेली!" म्हणते, तेव्हा ती हाच प्रयोग करीत असते. फरक एवढाच, की बाळ एक वर्षाचे असते आणि सभागृहात बसलेली मंडळी पदवीधर असतात.

गेली दीड वर्षे मी पत्ता नाहीसा करण्याची एकच हातचलाखी शिकत आहे. उजव्या हातात बदामची राणी धरलेली असते. हात हवेत किंचित उडवल्यासारखा होतो आणि राणी नाहीशी होते. तळहात रिकामा, बोटे सरळ. यंदाच्या स्नेहसंमेलनात 'विविध गुणदर्शना'च्या कार्यक्रमात हा प्रयोग मी केला. त्यानंतर वर्गात, ग्रंथालयात आणि कॅन्टीनमध्ये एकच प्रश्न मला असंख्य वेळा ऐकावा लागला : "पत्ता जातो कुठे?" प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

"पण मग रहस्य फुटले, नाही का?" अशी शंका काहींनी काढली आहे. तिचे एक उत्तर असे, की हे रहस्य शंभराहून अधिक वर्षे छापील पुस्तकांत उघडे पडून आहे. माहीत असणे आणि करता येणे यांत जे अंतर आहे, तेच या कलेचे खरे कुलूप. दुसरे उत्तर लेखाच्या शेवटी येईल, कारण ते मला एका मावशींनी दिले.

थोडा इतिहास

या हातचलाखीला जादूगारांच्या परिभाषेत 'बॅक पाम' म्हणतात. आपण मराठीत 'पालथ्या हाताची लपवणूक' म्हणू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील रंगमंचांवर ती गाजू लागली. हॉवर्ड थर्स्टन (1869–1936) या जादूगाराने आरंभीच्या काळात तिच्याच बळावर नाव मिळवले. हवेत एकामागून एक पत्ते नाहीसे करून ते पुन्हा एकेक करून परत आणण्याचा त्याचा प्रयोग प्रसिद्ध होता. पत्त्यांच्या करामतींवरचे त्याचे छोटे पुस्तक 1901 मध्ये निघाले. पुढे साखळदंड तोडून निसटणारा म्हणून जगाला माहीत झालेला हूडिनी आपल्या उमेदवारीच्या दिवसांत जाहिरातींवर स्वतःला 'पत्त्यांचा राजा' म्हणवून घेत असे.

परंतु या कलेला नाट्याची उंची दिली ती कार्डिनी या वेल्समध्ये जन्मलेल्या कलावंताने (1895–1973). पहिल्या महायुद्धात सैनिक असताना खंदकांतील थंडीमुळे हातमोजे घालूनच त्याने पत्त्यांचा सराव केला, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. पुढे रंगमंचावरही तो पांढरे हातमोजे घालूनच प्रयोग करी. ज्यांनी नुसत्या बोटांनी हा प्रकार करून पाहिला आहे, त्यांना यातील अवघडपणा सांगावा लागणार नाही. पण त्याचे खरे वैशिष्ट्य वेगळेच होते. तो जादूगाराची भूमिका घेतच नसे. एकभिंगी चष्मा लावलेला, थोडी जास्त झालेला एक सभ्य गृहस्थ रात्री घरी परतत आहे आणि पत्तेच त्याची पाठ सोडत नाहीत, असे सोंग तो वठवी. पत्ते येत, जात आणि तो स्वतःच दचके. म्हणजे पत्ता नाहीसा होण्याला त्याने एक कारण दिले, एक माणूस दिला.

स्त्रियांचे काय, असे मला नेहमी विचारले जाते. ॲडलेड हरमन (1853–1932) हिचे नाव मी सांगते. पती अलेक्झांडर हरमन 1896 मध्ये वारल्यावर तिने खेळ बंद केला नाही. स्वतः मुख्य जादूगार होऊन तिने पुढे अनेक वर्षे तो चालवला. पेटीत शिरणारी आणि आडवी कापली जाणारी सहायक एवढीच स्त्रीची जागा नव्हे, हे तिने तेव्हाच दाखवून दिले.

आधी पत्त्याची ओळख

पत्ता नाहीसा करण्यापूर्वी तो नीट पाहावा. बाजारात मुख्यतः दोन मापांचे कॅट मिळतात. दोन्हींची लांबी सुमारे 89 मिलिमीटर असते, रुंदी मात्र एकाची 57 आणि दुसऱ्याची सुमारे 63 मिलिमीटर. हे सहा मिलिमीटर कागदावर क्षुल्लक वाटतात, पण लहान पंजाच्या माणसाला तेवढ्यानेच घाम फुटतो. माझा पंजा लहान आहे. त्यामुळे मी अरुंद मापाचा कॅट घेतला आणि आजही तोच वापरते. पूर्ण प्लॅस्टिकचा पत्ता टणक आणि निसरडा असतो. तो बोटांच्या चिमटीत वाकत नाही, वाकलाच तर टणकन उडतो. साधा कागदी, गुळगुळीत पण लवचिक पत्ता शिकण्यासाठी उत्तम. कॅट कोरा करकरीत नको आणि पार लुळा पडलेलाही नको. आठ-पंधरा दिवस पिसून पिसून मऊ झालेला असावा.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे सावंतवाडीला जी गंजिफा बनते, तिचे पत्ते गोल असतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे एकशेवीस पत्ते येतात. रंगकामाच्या दृष्टीने ते अप्रतिम आहेत, पण या हातचलाखीला ते निरुपयोगी, कारण हिचा सारा डोलारा पत्त्याच्या कोपऱ्यांवर उभा आहे. गोल पत्त्याला कोपराच नाही, मग बोटांनी धरायचे काय?

प्रत्यक्ष कृती

मला ही कृती आमच्या गल्लीतील एका निवृत्त पोस्टमनकाकांनी शिकवली. मुलांच्या वाढदिवसांना ते हौसेने जादू करतात. "आयुष्यभर लोकांचे पत्ते शोधले, आता नाहीसे करतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यांनी ज्या क्रमाने शिकवले, त्याच क्रमाने येथे देते. हातात एक पत्ता घेऊनच वाचावे.

पहिली पायरी : उजवा हात छातीच्या उंचीवर, तळहात प्रेक्षकांकडे. पत्ता उभा धरावा. त्याच्या खालच्या भागावर पुढून अंगठा आणि मागून बोटांची टोके.

दुसरी पायरी : मधले बोट आणि अनामिका ही दोन बोटे तळहाताकडे मुडपावी, म्हणजे त्यांची नखांकडची बाजू पत्त्याच्या मागच्या अंगाला टेकते. त्याच वेळी तर्जनी आणि करंगळी पत्त्याच्या दोन उभ्या कडांशी येतात. आता पत्त्याचा एक खालचा कोपरा तर्जनी आणि मधले बोट यांच्या फटीत, तर दुसरा अनामिका आणि करंगळी यांच्या फटीत हलकेच दाबला जातो.

तिसरी पायरी : अंगठा सोडावा. पत्ता पडता कामा नये. तो आता केवळ दोन फटींत धरलेला आहे. येथेच निम्मे शिकाऊ हात टेकतात.

चौथी पायरी : मुडपलेली दोन बोटे सरळ करावी. बोटे उघडतात तसा पत्ता त्यांच्याबरोबर फिरून पंजाच्या मागच्या बाजूला जातो आणि बोटांमागे लपतो. समोरून पाहणाऱ्याला रिकामा तळहात दिसतो. बोटांच्या फटींतून पत्त्याचे दोन इवलेसे कोपरे डोकावत असतात. ते जितके कमी, तितका हात तयार.

पाचवी पायरी : पत्ता परत आणणे. हाच क्रम उलटा. बोटे मुडपताच पत्ता पुढे येतो, अंगठा त्याला पकडतो, बोटे सुटतात आणि पत्ता हवेतून खुडून काढल्यासारखा वर उभा राहतो.

यापुढची पायरी म्हणजे हाताची पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्ही रिकाम्या दाखवणे. त्यात मनगट वळत असताना पत्ता मागून पुढे आणि पुढून मागे असा लपंडाव खेळतो. पण पहिल्या पाच पायऱ्या झोपेतही जमू लागेपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नये, असे काकांचे सक्त बजावणे होते, आणि ते योग्यच होते.

या सर्व हालचालीला अर्धा सेकंदही लागत नाही. मग ती दिसत कशी नाही? तिच्यावर दुसऱ्या, मोठ्या हालचालीचे पांघरूण असते म्हणून. कोपरापासून सबंध हात पत्ता वर भिरकावल्यासारखा हलतो. मोठी हालचाल चालू असताना तिच्या पोटातली लहान हालचाल डोळ्यांना वेगळी काढता येत नाही. म्हणून बोटांचा वेग वाढवण्यापेक्षा हाताची आणि बोटांची वेळ जुळवणे महत्त्वाचे. तबलजीची बोटे आणि सम यांचे जे नाते, तेच येथेही.

रियाज

रियाज हाच शब्द मी मुद्दाम वापरते. संगीतातल्याप्रमाणे येथेही विलंबित आधी, द्रुत नंतर. पहिला महिनाभर मी चौथी पायरी इतकी संथ करीत असे, की तिला जादू म्हणणे विनोदी ठरले असते. पण संथ करतानाच पत्ता कोणत्या क्षणी निसटतो, कोणते बोट आखडते, हे समजते. घाई करणाऱ्याच्या हाती वेग लागतो, पण त्या वेगात दोषही पक्के होऊन बसतात.

काही व्यावहारिक सूचना. सराव पलंगाजवळ उभे राहून करावा. पत्ता शेकडो वेळा पडतो, तो गादीवर पडला तर कंबर वाचते. एका बैठकीत वीस मिनिटे पुरेत, पण दिवसातून दोनदा. सुरुवातीला तर्जनी आणि मधल्या बोटामधली कातडी हुळहुळते. तसे झाले की त्या दिवसापुरते थांबावे. दोन्ही हात शिकवावे. डावा हात मंद असला, तरी तो शिकताना उजव्याच्या चुका दाखवतो.

आरसा हवाच, पण आरशावर सर्वस्वी विसंबू नये. गुप्त हालचालीच्या नेमक्या क्षणी आपलेच डोळे मिटतात. जणू आपण स्वतःलाच फसवतो आणि आरशात सारे निर्दोष दिसते. ही खोड जुन्या जादूगारांनाही ठाऊक होती. आज आपल्या हाती मोबाइलचा कॅमेरा आहे, तो डोळे मिटत नाही. मी खिडकीच्या कठड्यावर मोबाइल उभा करून दर रविवारी एक चित्रफीत घेई आणि ती संथ गतीने पाही. कोणत्या आठवड्यात कोपरे किती दिसतात, हे त्यावरून कळे.

आधुनिक जादूचा जनक मानला जाणारा फ्रेंच घड्याळजी रोबेर-उदँ (1805–1871) याने तरुणपणी चार चेंडू हवेत झेलता झेलता समोरचे पुस्तक वाचण्याची सवय लावून घेतली होती. हात आपले काम करीत राहावेत आणि मन मोकळे राहावे, हा त्यातील हेतू. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रंगमंचावर आपल्याला बोलायचे असते, हसायचे असते, पुढच्या रांगेतले मूल काय म्हणते ते ऐकायचे असते. बोटांचा विचार करीत राहिलो, तर चेहरा बंद पडतो आणि चेहरा बंद पडला की प्रेक्षक बोटांकडे पाहू लागतात. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत मी सराव करताना मैत्रिणीला परीक्षेचे प्रश्न विचारायला लावीत असे. मज्जातंतूंची उत्तरे देता देता राणी नाहीशी होऊ लागली, तेव्हा हात तयार झाला असे मी मानले. त्याचा दुसरा फायदा निकालात दिसला, तो भाग वेगळा.

डोळे पाहतात की मन?

मानसशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने या विषयाकडे मी ओढली गेले, ते खरे तर पुढील प्रयोगांमुळे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1900 मध्ये जादूगारांच्या फसवणुकीवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात शाळकरी मुलांसमोर केलेला एक प्रयोग आहे. चेंडू वर फेकायचा, झेलायचा. पुन्हा फेकायचा, झेलायचा. पुढच्या खेपेस हात तसाच वर न्यायचा, पण चेंडू मात्र हळूच मेजाआड ठेवून द्यायचा. जवळजवळ निम्म्या मुलांनी तो न फेकलेला चेंडू वर जाऊन हवेत नाहीसा झालेला 'पाहिला'!

एकशेसहा वर्षांनी, 2006 मध्ये, गुस्ताव्ह कून आणि मायकेल लँड यांनी हाच प्रयोग नव्या साधनांनी करून पाहिला. त्यांनी त्याच्या दोन चित्रफिती तयार केल्या. एकीत जादूगार खोट्या फेकीच्या वेळी मान वर करून चेंडूमागे पाहिल्यासारखे करतो, दुसरीत तो हाताकडेच पाहतो. पहिल्या चित्रफितीत सुमारे दोनतृतीयांश प्रेक्षक फसले, दुसरीत सुमारे एकतृतीयांश. हात तोच, चेंडू तोच, बदलली ती फक्त नजर. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की प्रेक्षकांच्या नजरेची नोंद घेतली तेव्हा फसलेल्यांपैकी बहुतेकांचे डोळे चेंडू 'दिसला' त्या जागी गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे पाहत होते. म्हणजे डोळे फसलेच नव्हते. पुढे काय होणार याचा मनाने बांधलेला अंदाज हाच त्यांना 'दिसला' होता.

माझ्या पत्त्याला हे तंतोतंत लागू पडते. पत्ता जातो तेव्हा मी हाताकडे पाहत नाही. तो जेथे जायला हवा होता तेथे, म्हणजे वर डावीकडे, पाहते. आणि मी पाहते म्हणून सभागृह पाहते. हात त्या वेळी अर्धा क्षण एकटा असतो, तेवढे त्याला पुरते.

रंगमंचावर

खोलीत जमलेली गोष्ट रंगमंचावर जमेलच असे नाही. पहिला प्रश्न कोनाचा. ही लपवणूक फक्त समोरून निर्दोष आहे. बाजूने पाहणाऱ्याला पालथ्या पंजावर पत्ता चिकटलेला स्पष्ट दिसतो. आमच्या सभागृहात प्राध्यापकांच्या खुर्च्या रंगमंचाच्या अगदी दोन्ही टोकांपर्यंत मांडलेल्या असतात आणि विंगेत तर पुढच्या नाटकाचा सबंध संच उभा असतो. मी आदल्या दिवशी एका मैत्रिणीला प्रत्येक रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर क्रमाने बसवले आणि पत्ता दिसतो का ते विचारत गेले. त्यावरून खडूने एक खूण केली. रंगमंचाच्या मध्यापासून तीन पावले मागे. तेथे उभे राहिले तर दोन्ही टोके सांभाळता येत होती. विंगेतल्या मंडळींना मी तेवढी चार मिनिटे पडद्याआड जाण्याची विनंती केली.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. मागून दिवा आला, तर बोटांच्या फटी उजळतात आणि पत्त्याची सावली उमटते. प्रकाश पुढूनच हवा. मागचा पडदा फिक्या रंगाचा असल्यास नखाएवढे कोपरे पटकन खपून जातात. तिसरा प्रश्न वेशाचा. मी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. बाह्या एवढ्यासाठी, की 'बाहीत गेला' ही शंका उगवण्याआधीच खुडावी. बांगड्या एवढ्यासाठी, की त्या किणकिणतात आणि नेमक्या क्षणी कान डोळ्यांना हाक मारतो. आजीला बांगड्या काढणे रुचले नाही. "एका पत्त्यासाठी?" असे ती म्हणाली खरी, पण पहिल्या रांगेत येऊन बसली.

चौथी गोष्ट बोलण्याची. 'आता पत्ता नाहीसा होणार' असे आधी सांगणे म्हणजे चोराने पोलिसाला वेळ कळवण्यासारखे आहे. काय होणार हे ठाऊक नसते, तोवर कोठे पाहावे हेही ठाऊक नसते. आणि पत्ता गेल्यावर 'पाहा, गेला!' असेही म्हणू नये. ते प्रेक्षकांनी म्हणायचे असते. आपण क्षणभर थांबावे. सभागृहात जो बारीकसा श्वास ऐकू येतो, तीच आपली बिदागी.

पाचवी गोष्ट, एकच करामत पाठोपाठ त्याच रीतीने करू नये. पहिल्या वेळी प्रेक्षक चकित होतात, दुसऱ्या वेळी शोधू लागतात. कार्डिनीपासून धडा घेऊन मी एक लहानसा प्रसंग रचला. एक मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसली आहे आणि पुस्तकाची खूण म्हणून घातलेली बदामची राणी तिला पुन्हा पुन्हा खेळायला बोलावते आहे. ती राणीला हाकलते, राणी परत येते. शेवटी ती पुस्तक मिटते, तर खूण म्हणून राणी आतच. चार मिनिटांत पत्ता तीनदा जातो, पण प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने. टाळ्या शेवटी पडल्या, पण मला समाधान मिळाले ते मधल्या हशाने. लोक त्या मुलीला हसत होते, हाताकडे पाहत नव्हते.

मावशींचा प्रश्न

स्नेहसंमेलन झाल्यावर दोन दिवसांनी आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुलींच्या आग्रहावरून मी तो पत्ता पुन्हा नाहीसा केला. सगळ्या हसल्या. पोळ्या लाटणाऱ्या मावशी मात्र हसल्या नाहीत. जेवणे आटोपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावले आणि हळूच विचारले, "पोरी, तुझ्या अंगात बी हाय का गं कायतरी?"

मला आधी कळलेच नाही. मग त्यांनी सांगितले. पोटात कळा येतात म्हणून त्या एका बाबाकडे तीनदा जाऊन आल्या होत्या. बाबा पोटावर रिकामा हात फिरवतो, मंत्र पुटपुटतो आणि कातडीला चीरसुद्धा न पाडता मुतखडा काढून हातावर ठेवतो. दर खेपेला अकराशे रुपये. खडा मावशींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. कळा पुन्हा येत, तेव्हा बाबा म्हणे, नवा खडा धरला.

जादूगारांचा पहिला नियम असा, की रहस्य सांगू नये. तो नियम मी मानते, कारण करमणुकीचा सौदा दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. तिकीट काढून आलेला प्रेक्षक फसायलाच आलेला असतो आणि आनंदाने घरी जातो. पण मावशींनी तो सौदा केला नव्हता. मी त्यांना चुलीसमोरच्या पाटावर बसवले, स्वतः बाजूला वळले आणि पाचही पायऱ्या अगदी संथपणे दाखवल्या. पत्ता मागे जाताना त्यांनी पाहिला. मग पत्त्याऐवजी वाल घेतला, बोटांच्या बेचक्यात धरला, रिकामा हात दाखवला आणि त्यांच्याच मनगटावरून तो वाल 'काढला'.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुन्ना दाव." मी पुन्हा दाखवले. "म्हंजी माजा खडा बी त्येच्या बोटातच हुता?" मी म्हटले, "मावशी, मी तिथं नव्हते. पण रिकाम्या दिसणाऱ्या हातात काय काय असू शकतं, ते तुम्ही आत्ता पाहिलंत." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "तीन बार अकराशे," एवढेच म्हणाल्या आणि परात धुवायला उठल्या. पुढच्या आठवड्यात आमच्या रेक्टरबाई त्यांना सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या. सोनोग्राफीत खडा निघाला. तो जागचा हललाही नव्हता. आता औषध चालू आहे.

हा प्रकार आपल्या राज्यात नवा नाही. हातचलाखीला दैवी शक्ती म्हणून विकणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनेक वर्षे गावोगाव 'चमत्कार' करून दाखवीत आणि लगेच त्यांमागील युक्ती समजावून देत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी याच कामात आयुष्य घातले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. तो कायदा जादूच्या खेळांविरुद्ध नाही, चमत्काराच्या नावाखाली होणाऱ्या लुबाडणुकीविरुद्ध आहे. हा भेद मी पुस्तकात वाचला होता. स्वयंपाकघरात तो मला समजला.

तेव्हापासून प्रयोगाच्या आरंभी मी एक वाक्य म्हणते : "माझ्या अंगात काही नाही, बोटांत थोडे आहे." काही मित्रांचे म्हणणे, की त्यामुळे रंग कमी होतो. माझा अनुभव उलट आहे. 'हे हातानेच केलेले आहे' असे सांगितल्यावरही जेव्हा पत्ता जातो, तेव्हा लोकांना अधिक आश्चर्य वाटते आणि त्या आश्चर्यात भीती नसते.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

ज्यांना ही विद्या शिकावीशी वाटते, त्यांना माझे एवढेच सांगणे. खर्च एका कॅटचा, वेळ रोज चाळीस मिनिटांचा, कालावधी किमान वर्षभराचा. पहिल्या तीन महिन्यांत कोणालाही दाखवू नका. नंतर आधी घरच्यांना, मग मित्रांना आणि सर्वांत शेवटी लहान मुलांना दाखवा. मोठी माणसे आपल्या नजरेमागे जातात, मुले जिकडे वाटेल तिकडे पाहतात. मुलांसमोर टिकलेला हात कोठेही टिकतो. आणि कोणी खऱ्या विश्वासाने, हात जोडून विचारू लागले, तर खेळ तेथेच थांबवा आणि त्याच्या शेजारी बसून, बाजूला वळून, संथपणे पाचही पायऱ्या दाखवा.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. पत्ता कोठेच जात नाही. तो पालथ्या हातावर, दोन बोटांच्या बेचक्यांत, सारा वेळ तेथेच असतो. जाते ती आपली नजर.